तेकोंगची बोट आणि भरतीची रांग

आपल्याकडे एक वाद ठरावीक काळाने डोकं वर काढतो. मार्च २०१८ मध्ये संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने सुचवलं की राजपत्रित सरकारी नोकरीत थेट जाऊ इच्छिणाऱ्यांना आधी पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करावी. तेव्हा तो निघाला. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली, तेव्हा पुन्हा निघाला. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासूनच्या मुलांना निवृत्त सैनिकांकडून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा केली आणि घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, सिंगापूर बघा, बारावी झाली की पोरगं दोन वर्षं सैन्यात, म्हणून तिथे रस्त्यावर कुणी थुंकत नाही. दुसऱ्या तटाचं म्हणणं, ही हुकूमशाहीची पहिली पायरी. सिंगापूरच्या त्या प्रशिक्षणात सकाळपासून रात्रीपर्यंत नेमकं काय चालतं, हे जाणून घेण्याची निकड दोघांनाही वाटत नाही. माझं मत असं की सिंगापूरचं मूलभूत लष्करी प्रशिक्षण खरोखरच चांगलं आहे, पण पुढच्या एका ठरलेल्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामाची ती सुरुवात आहे म्हणून. ते पुढचं काम आपल्याकडे नाही आणि त्या कामासाठी माणसांची टंचाईही नाही. अशा वेळी सुरुवातीचाच तुकडा कापून आणला तर हाती कवायत उरेल, आणि कवायतीने नागरिक घडत नाहीत.

सिंगापूरने ही सक्ती हौसेने केली नव्हती. ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियातून बाहेर पडलेल्या त्या बेटाकडे पायदळाच्या दोन पलटणी होत्या. पंतप्रधान ली क्वान यू यांनी लष्कर उभारायला ज्यांच्याकडे मदत मागितली त्यांत भारत होता. लालबहादूर शास्त्रींकडून स्वातंत्र्याबद्दल शुभेच्छा आल्या, मदत आली नाही. इजिप्तचंही तसंच झालं. शेवटी इस्रायली सल्लागार आले आणि शेजारच्या मुस्लिम देशांना सुगावा लागू नये म्हणून त्यांना ‘मेक्सिकन’ म्हटलं गेलं. १९६७ च्या मार्चमध्ये कायदा झाला, ऑगस्टमध्ये पहिली तुकडी दाखल झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी आपण १९७१ पर्यंत तळ गुंडाळणार असल्याचं जाहीर केलं. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, आणि बहुसंख्य चिनी समाजात जुनी म्हण अशी की चांगल्या लोखंडाचे खिळे करत नाहीत आणि चांगल्या मुलाचा शिपाई करत नाहीत. स्वेच्छेने येणाऱ्यांच्या भरवशावर सैन्य उभं राहणार नव्हतं, म्हणून कायद्याने बोलवावं लागलं. यात नागरिकांच्या सवयी सुधारण्याचा प्रश्न मुळात नव्हता, नंतर तो चिकटवला गेला.

आता मूलभूत प्रशिक्षणाच्या नऊ आठवड्यांत काय होतं ते पाहू. मुलगा ज्युनियर कॉलेज किंवा पॉलिटेक्निक संपवून अठरा-एकोणीस-विसाव्या वर्षी दाखल होतो. विद्यापीठात प्रवेश मिळालेला असेल तर जागा राखून ठेवली जाते. पदवीसाठी म्हणून सेवा पुढे ढकलता येत नाही. आधीच्या वैद्यकीय तपासणीत त्याला एक श्रेणी मिळालेली असते आणि त्याचा पुढचा बराचसा प्रवास तीच ठरवते. शारीरिक चाचणीत तीन गोष्टी: एका मिनिटात पुश-अप, एका मिनिटात सिट-अप, आणि २.४ किलोमीटर धाव. शंभरपैकी निम्मे गुण एकट्या धावण्याचे. ही चाचणी दाखल होण्यापूर्वीच पास झालेला मुलगा नऊ आठवड्यांत प्रशिक्षण संपवतो आणि त्याच्या दोन वर्षांच्या सेवेतून दोन महिने कापले जातात. न झालेल्याला आधी आठ आठवडे अंग कमावण्याचे, मग हे नऊ, असे सतरा आठवडे. वजन फारच जास्त असेल तर त्याहून लांब. म्हणजे सरसकट सगळ्यांना एकाच दिवशी पळवत नाहीत. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

चांगीच्या लष्करी धक्क्यावरून बोट सुटते आणि थोड्याच वेळात पुलाऊ तेकोंग बेटाला लागते. पहिल्या दिवशी आई-वडील बरोबर असतात. मुलाची खाट पाहतात, मेसमध्ये त्याच्यासोबत जेवतात आणि परतीच्या बोटीत बसतात. मग नागरी ओळखपत्राच्या जागी लष्करी ओळखपत्र येतं, डोक्यावरून मशीन फिरतं, आणि पहिले दोन आठवडे घरी जायला मिळत नाही. सुरुवातीच्या दिवसांचा मोठा भाग अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत जातो: चादर कशी ओढायची, बूट कसे बांधायचे, पाय कोरडे कसे ठेवायचे. हे किरकोळ नाही. नव्या बुटात ओलसर पाय घेऊन आठ किलोमीटर चाललं की टाचेला फोड येतो, तो फुटला की पुढचा बारा किलोमीटरचा मार्च हुकतो, तो हुकला की अखेरच्या चोवीस किलोमीटरच्या मार्चपर्यंत पोचणं अवघड होऊन बसतं. मार्चचं अंतर चार, आठ, बारा, सोळा, चोवीस असं टप्प्याटप्प्याने वाढतं, आणि पाठीवरचं ओझंही. पावडर आणि जाड मोजे यांवर तिथले सार्जंट जितकं बोलतात तितकं देशभक्तीवर बोलत नसावेत.

उष्णतेचं तर स्वतंत्र शास्त्रच आहे. विषुववृत्ताजवळ हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणून साध्या तापमापकावर कुणी विसंबत नाही. ओल्या कापडात गुंडाळलेल्या बल्बचं तापमान सत्तर टक्के, उन्हातल्या काळ्या गोळ्याचं वीस टक्के आणि साध्या हवेचं दहा टक्के धरून एक आकडा काढतात. त्या आकड्यावरून किती मिनिटं काम आणि किती मिनिटं सावली हे ठरतं. कष्टाच्या सत्राआधी सगळ्यांनी एकत्र उभं राहून पाणी प्यायचं, अर्धा लिटर, तहान असो वा नसो. रात्रीची सलग सात तास झोप हा नियम आहे. इतकं सगळं असूनही २०१८ च्या एप्रिलमध्ये आठ किलोमीटरच्या वेगवान मार्चनंतर एक सैनिक उष्माघाताने दगावला. तो नवशिका रिक्रूटही नव्हता. चौकशी झाली, नियम आणखी कडक झाले. पुढच्या जानेवारीत आणखी एक मृत्यू झाल्यावर प्रशिक्षण काही काळ आवरतं घेतलं गेलं आणि सुरक्षेवर देखरेख करणारं महानिरीक्षकांचं कार्यालय स्थापन झालं. आपल्याकडचं उदाहरण फार लांब शोधायला नको. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात उमेदवारांचे जीव गेले, त्यानंतर अंतर कमी करण्यात आलं. अंतर कमी करणं सोपं असतं. मैदानावर तो काळा गोळा आणि तो ओला बल्ब ठेवून दर तासाला आकडा लिहिणारा माणूस नेमणं, आणि त्या माणसाने ‘थांबा’ म्हटलं की अधिकाऱ्यानेही थांबणं, हे खरं अवघड.

रायफल हातात येते ती एका छोट्या समारंभात. सार-२१, सिंगापुरातच बनलेली, ५.५६ मिलिमीटरची, मॅगझिन दस्त्याच्या मागच्या बाजूला असलेली. ती गोळी झाडण्याच्या आधी कितीतरी वेळा उघडून, पुसून, जोडून दाखवावी लागते. बिनगोळीच्या काडतुसांनी सराव केल्यावर काजळी जास्त साचते. ती नीट पुसली नाही तर ऐन वेळी बंदूक अडते. जंगलातल्या शिबिरात रायफल रात्रीही हाताच्या अंतरावर लागते. झोपेत ती सुटली तर सार्जंट हलकेच उचलून नेतो आणि सकाळी विचारतो, ‘तुझी कुठे आहे?’ त्या शिबिरात आडवं पडल्यावर अंग जमिनीच्या पातळीखाली जाईल एवढा खड्डा छोट्या घडीच्या फावड्याने खणायचा असतो. मध्येच पाऊस येतो, खड्डा भरतो, पुन्हा उपसायचा. आंघोळ नसते, अंगावर पावडर शिंपडून भागवतात. तिथेच कधीतरी आई-वडिलांची पत्रं वाटली जातात आणि तिन्हीत्रिकाळ टिंगल करणारी पोरं गप्प होतात. हातबॉम्ब फेकण्याचा दिवस वेगळा: खोट्या बॉम्बवर भरपूर सराव, मग भिंतीआड एका वेळी एकच मुलगा आणि शेजारी एक प्रशिक्षक. मुलाच्या थरथरत्या हातातून तो सुटलाच तर मुलाला ओढून आडोशाला नेणं हे त्या प्रशिक्षकाचं काम. या एका कामासाठी एका मुलामागे एक अनुभवी माणूस लागतो. हिशेब इथून सुरू होतो.

कामचुकारपणालाही तिथे शब्द आहे, ‘च्याओ केंग’, म्हणजे खोटं दुखणं काढणं. सेवा संपायच्या तारखेचे दिवस मोजण्याचीही एक अख्खी संस्कृती आहे. सक्तीच्या सैन्यात सगळे छाती फुगवून उभे असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी ही नोंद घ्यावी.

नऊ आठवड्यांनंतर परेड होते, टोप्या हवेत उडतात, आणि आपल्याकडे पोचणारे फोटो इथेच संपतात. तिथलं काम मात्र इथून पुढे. नेतृत्वाच्या चाचणीत आणि सोबत्यांनी दिलेल्या गुणांत पुढे असलेले अधिकाऱ्यांच्या शाळेत जातात, साधारण नऊ महिने. काही जण सार्जंट होण्यासाठी बावीस आठवडे. बाकीचे तोफखाना, रणगाडे, सिग्नल, गोदामं, स्वयंपाकघर, नागरी संरक्षण, पोलीस. दोन वर्षं झाल्यावर विद्यापीठ, नोकरी, लग्न. आणि तरीही दहा वेळा पुन्हा बोलावणं, वर्षाला जास्तीत जास्त चाळीस दिवस, चाळिशीपर्यंत, अधिकाऱ्यांना पन्नाशीपर्यंत. त्याच पलटणीत, बहुधा त्याच माणसांबरोबर. तेकोंगवर शिकवलेलं प्रत्येक कौशल्य कुठल्या तरी खऱ्या जागेवर जाऊन बसतं. खड्डा खणायला शिकलेला माणूस पुढची दहा वर्षं त्या खड्ड्याच्या हिशेबात धरलेला असतो. आपण जे नऊ आठवडे मागतोय, त्यांच्या पुढचं पान कोणतं?

सक्तीच्या बाजूने जे सगळ्यांत भक्कम मुद्दे आहेत ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. पहिला: एकाच खोलीत बंगल्यातला मुलगा आणि दोन खोल्यांच्या सरकारी घरातला मुलगा झोपतात, एकाच फावड्याने खणतात, आणि ही ओळख पुढे आयुष्यभर टिकू शकते. हे खरं आहे आणि मोलाचं आहे. दुसरा: जग बदललं आहे. स्वीडनने २०१० मध्ये सक्ती थांबवली आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरू केली. युक्रेन युद्धानंतर युरोपात हा विषय कुणी हसण्यावारी नेत नाही. तिसरा: घटनेने हात बांधलेले नाहीत. कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं, पण त्याच कलमाचा दुसरा भाग सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादायला राज्याला मोकळीक देतो, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेद करता येणार नाही. ५१-क मध्ये देशरक्षणाचं आणि हाक आल्यावर राष्ट्रसेवेचं कर्तव्य लिहिलेलं आहे. तेव्हा ‘हे घटनाविरोधी आहे’ असं ठोकून देणाऱ्यांनी आधी घटना उघडावी. आणि सक्तीची सेवा म्हणजे हुकूमशाही, हेही टिकत नाही; स्वित्झर्लंडच्या मतदारांनी २०१३ मध्ये ती रद्द करायला स्वतः मोठ्या बहुमताने नकार दिला.

तरीही हे मुद्दे आपल्या प्रश्नाला लावून पाहिले की एकेक गळायला लागतो. स्वीडनचंच घ्या. तिथे सगळ्यांची नोंद होते, पण सैन्याला हवे तेवढेच घेतले जातात, मुलगे आणि मुली दोन्ही, आणि निवडताना इच्छाही पाहिली जाते. म्हणजे नव्या काळातली सक्ती ही निवड आहे, सरसकट भट्टी नव्हे. आणि सरमिसळीचं म्हणाल तर सिंगापूरलाही ती सहज जमलेली नाही. सुरुवातीच्या वर्षांत इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या होक्कियन ही चिनी बोली बोलणाऱ्या वेगळ्या तुकड्या होत्या. मलय तरुणांना पहिली बरीच वर्षं सैन्यात फारसं घेतलंच गेलं नाही, आणि ती सल अजून पूर्ण गेलेली नाही. मोठ्या लोकांच्या मुलांवर ‘पांढरा घोडा’ असा शिक्का असतो ही कुजबुज तर दशकानुदशकं होती. २००३ मध्ये सरकारने संसदेत कबूल केलं की अशी नोंद होत असे, ती २००० मध्ये बंद केली. उद्देश मात्र त्यांना खास वागणूक मिळू नये हाच होता, असंही सांगितलं. किती लोकांना ते पटलं असेल? २००५ मध्ये लंडनवासी पियानोवादक मेल्विन टॅन यांना सेवा चुकवल्याबद्दल तीन हजार डॉलर दंड झाला तेव्हा लोक इतके भडकले की पुढच्या वर्षी कमाल दंड दहा हजारांवर गेला. सक्ती टिकते ती या चिडीवर: ‘माझा मुलगा गेला, तुझा का नाही?’ ही चीड सरकारला झुकवू शकेल इतकी धारदार असेल तरच सक्ती न्याय्य राहते.

अमेरिकेत ती धार बोथट होती. व्हिएतनामच्या वर्षांत कॉलेजात नाव असलेल्याला सवलत होती. शिकण्याची ऐपत असलेला वर्गात, नसलेला भातशेतीत. १९६९ च्या डिसेंबरमध्ये सोडत काढून पाहिली, १९७१ मध्ये विद्यार्थ्यांची नवी सवलत बंद केली, आणि १९७३ मध्ये सक्तीच गेली. विद्यापीठाच्या आधी बोलावणं, हा सिंगापूरच्या रचनेतला खरा शहाणपणा आहे तो यामुळे: पदवी ही पळवाट होऊ शकत नाही. आता हाच नियम आपल्याकडे लावून बघा. बारावी, मग सीईटी, जेईई, नीट, आणि मध्येच दोन वर्षं किंवा दोन महिने छावणी. लातूर-कोट्याच्या शिकवणीत लाखो रुपये ओतलेला कुठला बाप हे मुकाट्याने मान्य करेल? पहिल्या वर्षी ‘प्रवेश परीक्षा देणाऱ्यांना सूट’, दुसऱ्या वर्षी ‘खेळाडूंना सूट’, तिसऱ्या वर्षी दम्याच्या दाखल्यांचा भाव ठरलेला. उरतील ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली पोरं, आणि ती तर अशीही भरतीला जाणारच होती.

शिस्तीचा दावा मला सगळ्यांत पोकळ वाटतो. सिंगापूरच्या रस्त्यांवर घाण नाही, मान्य. पण सिंगापूरच्या बायकांना ही सक्ती नाही; त्या थुंकतात का? सक्तीची सेवा इजिप्तमध्येही आहे. कैरोच्या एखाद्या चौकात उभं राहून वाहतुकीची शिस्त पाहावी. रशियात तर सक्तीच्या सैन्यानेच जुन्या शिपायांकडून नव्यांना मारहाण करण्याची, लुबाडण्याची परंपरा जोपासली. त्याचं कारण स्वभावात शोधायला नको: मधल्या फळीत पगारी, अनुभवी सार्जंटच नव्हते, त्यामुळे बराकीतली सत्ता आपोआप सहा महिन्यांनी मोठ्या असलेल्या पोराच्या हाती गेली. तेकोंगवर जे चालतं ते खाटेशेजारी अनुभवी माणूस उभा असतो म्हणून. तो माणूस काढा, आणि तीच खाट, तोच बूट, तोच वेळापत्रकाचा कागद रॅगिंगचं साधन होतो. घरात, शाळेत, महापालिकेत जी शिस्त आपण लावू शकलो नाही ती सैन्याने लावून द्यावी, हे वड्याचं तेल वांग्यावर आहे. आणि सैन्य काही रिकामं बसलेलं नाही.

हा प्रयोग आपण एकदा करून बसलो आहोत, हे या वादात कुणी काढत नाही. १९६२ च्या पराभवानंतर १९६३ मध्ये कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. भावना खरी होती, चीनकडून खाल्लेला मार ताजा होता, विरोध करण्याची कुणाची छाती नव्हती. कॅडेटांची संख्या एकदम फुगली. त्या मानाने गणवेश, बंदुका आणि शिकवणारी माणसं वाढली नाहीत. परेड म्हणजे हजेरी आणि नंतरचा नाश्ता एवढंच बऱ्याच ठिकाणी उरलं. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली, आणि दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. गंमत म्हणजे त्यानंतरची ऐच्छिक एनसीसीच आज लौकिक टिकवून आहे, कारण तिथे पोरं स्वतःहून येतात आणि जागा मर्यादित असल्याने नाव लागावं म्हणून थांबतात.

आकडे मांडून बघू, कारण या वादात आकडे कुणीच मांडत नाही. आपल्याकडे दरवर्षी अठरा पूर्ण करणारे मुलगेच एक कोटीच्या वर असतात. तब्येतीने बाद होणारे वगळून सरळ एक कोटी धरा. मुली सोडल्यात, तेवढी सूट सक्तीवाल्यांना. नऊ-नऊ आठवड्यांच्या चार तुकड्या वर्षात बसवल्या तर एका वेळी पंचवीस लाख मुलं छावणीत. पंचवीस लाख खाटा, तेवढ्या प्रमाणात संडास, तेवढं पाणी. आपलं अख्खं लष्कर बारा लाखांच्या आसपास आहे. म्हणजे छावणीतली पोरंच लष्कराच्या दुप्पट. बारा मुलांमागे एक प्रशिक्षक ठेवला तर दोन लाखांहून जास्त प्रशिक्षक लागतील, आणि ते नाईक-हवालदार दर्जाचे, म्हणजे नेमके तेच ज्यांच्या जिवावर सीमेवरच्या तुकड्या चालतात. प्रत्येकाने फक्त शंभर गोळ्या झाडल्या तरी वर्षाला शंभर कोटी गोळ्या. खाणं, कपडे, भत्ता मिळून माणशी महिना वीस हजार धरले तर दोन महिन्यांचे चाळीस हजार कोटी, आणि त्यात बांधकामाचा एक रुपयाही नाही. (सिंगापुरात रिक्रूटला महिन्याला सातशे-आठशे सिंगापूर डॉलर भत्ता मिळतो, फुकटात कुणालाच खणायला लावत नाहीत.) कुणी म्हणेल, मग गोळ्या कमी करा, लाकडी बंदूक द्या, नऊऐवजी दोन आठवडे करा. करा की. मग ती १९६३ ची एनसीसी झाली.

आणि हे सगळं कुठल्या देशात? जिथे भरतीच्या आदल्या रात्री मैदानाबाहेर चादर अंथरून पोरं झोपतात तिथे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाच्या नावातच मिलिटरी आहे. त्या पट्ट्यात पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात; बूट फाटके, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, लक्ष्य सोळाशे मीटर. २०२० ते २०२२ लष्कराच्या भरतीच झाल्या नाहीत तेव्हा कित्येकांचं वय निघून गेलं. मग अग्निपथ आली: चार वर्षं, त्यानंतर चारांतला एकच कायम. सिंगापूरला माणसं मिळत नव्हती म्हणून कायदा करावा लागला. इथे आलेल्या माणसांना जागा मिळत नाही. ज्याला जायचंय त्याला परत पाठवायचं आणि ज्याला नको त्याला ओढून न्यायचं, यात कुठलं संरक्षण साधतं? पंचवीस टक्क्यांबाहेर राहिलेल्या अग्निवीरांचं पुढे काय, या प्रश्नावर जो घसा बसायला हवा तो पहिलीच्या पोरांच्या कवायतीवर खर्च होतोय.

प्रामाणिक चर्चा कशी असते ते पाहायचं असेल तर सिंगापुरात स्थायिक झालेल्या मराठी घरांत डोकावावं. आई-वडील नोकरीनिमित्त गेले, कायम वास्तव्याचा परवाना मिळाला, त्यांच्यामुळे मुलालाही मिळाला. वडिलांना सेवा नाही, मुलाला आहे. मुलगा साडेसोळा वर्षांचा झाला की नोंदणीची वेळ येते, तेव्हा त्याच्या खिशात बहुधा भारताचा पासपोर्ट असतो. परवाना सोडून दिला तर पुढे तिथे शिकण्या-राहण्याच्या अर्जांवर त्याची सावली पडते. ठेवला तर दोन वर्षं जातात आणि वर्गातल्या मुली तोवर पदवीच्या निम्म्यात पोचतात. त्या घरांत ‘देशभक्ती’ हा शब्द क्वचित येतो. प्रश्न असे असतात: लहानपणीच्या दम्याचे कागद तपासणीच्या वेळी कोणते द्यायचे? शाकाहारी जेवण मिळतं का? (मिळतं.) परदेशातलं विद्यापीठ जागा दोन वर्षं धरून ठेवेल का? दाखल होण्याआधी २.४ किलोमीटरची वेळ किती खाली आणली तर दोन महिने वाचतील? आणि काही मुलं विचार करून, हिशेब मांडून, बोटीत चढतात. ‘मग तो सुधारला का?’ असं विचारलं तर आई म्हणते, चादरीची घडी दोन आठवडे केली, मग थांबला.

राहता राहिला पहिलीच्या वर्गाचा प्रश्न. निवृत्त हवालदार शाळेत आले तर माझी तक्रार नाही. गावातला तो बहुधा सगळ्यांत वक्तशीर माणूस असतो आणि पोरांना त्याचं कौतुकही असतं. पण त्याला मैदानात उभं करण्याआधी तेकोंगचा एकच नियम उचला, सगळ्यांत स्वस्त असलेला: कष्टाआधी पाणी. सहा वर्षांच्या पोराला अर्धा लिटर नको, पाव लिटर धरू. दोनशे मुलं, तासाला पाव लिटर, तीन तास. दीडशे लिटर, नुसतं प्यायला, स्वच्छ, आणि सावलीत ठेवलेलं. मार्च महिन्यात यवतमाळच्या नाहीतर माणच्या शाळेत ते रोज सकाळी कुठून येणार, हे घोषणेच्या कागदावर कुठल्या ओळीत लिहिलंय ते आधी दाखवा.